डेटाबेस अडला की आधी कुणाला पकडायचं?

मागच्या अंकात डेटाबेस सर्व्हरच्या तक्रारी पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं भरपूर आली, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांचं शेवटचं वाक्य एकच, 'रॅम वाढवू का?' वाढवा की, पैसे तुमचेच आहेत. पण सर्व्हर 'स्लो' आहे म्हणजे तो राबतोय की नुसता थांबलाय हे आधी बघा, कारण या दोन्हीचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि आलेल्या पत्रांत थांबलेलेच जास्त दिसतायत. कमांड आणि सेटिंगची नावं आपण बोलतो तशीच लिहितोय, टाइप करताना मधे अंडरस्कोर टाकायचा तेवढं लक्षात ठेवा.

नमस्कार सर, सूत व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो, मागे पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस आहे. रोज दुपारी दीड-दोनच्या सुमाराला सगळं अडकतं. बिल सेव्ह करायला गेलं की चक्र फिरत राहतं. सीपीयू बघावा तर पाच-सात टक्के. रॅम १६ ची ३२ जीबी केली, काही फरक नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली की लगेच चालू होतं. हार्डडिस्क खराब असेल का? – इचलकरंजी

हार्डडिस्कला उगाच बदनाम करू नका. सीपीयू मोकळा, डिस्क शांत आणि तरी सगळे अडकलेले, म्हणजे कुणीतरी लॉक (ओळीवरचा किंवा टेबलावरचा ताबा) धरून बसलंय आणि बाकीचे त्याच्यामागे उभे आहेत. आणि दीड-दोन ही जेवणाची वेळ आहे हे तुम्हीच लिहिलंय!

पुढच्या वेळी अडकलं की रीस्टार्टच्या बटणाकडे जाऊ नका, दोन मिनिटं शिव्या खा, पण तेवढ्यात पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या व्ह्यूवर सिलेक्ट मारा. त्यात प्रत्येक कनेक्शनची एक ओळ असते. पीआयडी (त्या कनेक्शनच्या प्रोसेसचा नंबर), ॲप्लिकेशनचं नाव, क्लायंटचा ॲड्रेस, स्टेट, एक्सॅक्ट स्टार्ट (यातलं एक्सॅक्ट सगळीकडे xact असं टाइप करायचं) म्हणजे ट्रान्झॅक्शन, बिगिनपासून कमिटपर्यंतचं एकसंध काम, कधी सुरू झालं ती वेळ, वेट इव्हेंट टाइप आणि क्वेरी एवढेच कॉलम घ्या आणि एक्सॅक्ट स्टार्टने सॉर्ट करा, सगळ्यात जुनं वर. मला तर आत्ताच दिसतंय तिथे काय असणार ते. पंधरा-वीस ओळी 'ॲक्टिव्ह', वेट इव्हेंट टाइप 'लॉक', हे बिचारे थांबलेले. आणि सगळ्यात वर एक ओळ, स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', सुरू झाल्याची वेळ एक वाजून दहा मिनिटं, वेट इव्हेंट 'क्लायंट रीड', म्हणजे डेटाबेस त्या कॉम्प्युटरकडून पुढच्या आज्ञेची वाट बघतोय आणि त्या कॉम्प्युटरवरचा माणूस डबा खायला गेलाय.

खात्री करायची तर पीजी ब्लॉकिंग पीआयडीज नावाचं फंक्शन आहे, ९.६ पासून, त्याला थांबलेल्याचा पीआयडी द्या, तो कुणामुळे थांबलाय ते सांगतं. कधी कधी साखळी असते, अ थांबलाय ब साठी, ब थांबलाय क साठी, तेव्हा शेवटच्या टोकापर्यंत जा आणि त्यालाच पकडा, मधल्यांना मारून काही होत नाही, त्यांच्या जागी दुसरे येऊन उभे राहतात. एक गोष्ट इथे भल्याभल्यांना फसवते. क्वेरी कॉलममधे त्या सेशनचं *शेवटचं* स्टेटमेंट दिसतं. लॉक घेणारं स्टेटमेंट त्याच्या आधी होऊन गेलेलं असू शकतं. त्यामुळे 'हा तर साधा पार्टी मास्टरचा सिलेक्ट आहे, याने काय होणार' म्हणून त्याला सोडून देऊ नका, ट्रान्झॅक्शन उघडं आहे की नाही ते बघा.

पकडल्यावर काय करायचं, तर पीजी टर्मिनेट बॅकएंड. पीजी कॅन्सल बॅकएंडचा इथे उपयोग नाही, कारण ते चालू क्वेरी रद्द करतं आणि इथे चालू असं काही नाहीच, माणूस जेवतोय. आणि हात जोडून सांगतो, लिनक्सवर जाऊन किल मायनस नाईन करू नका, एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनमागची प्रोसेस, असा मेला की पोस्टग्रेसला शेअर्ड मेमरीवर भरवसा ठेवता येत नाही, मग तो सगळीच कनेक्शनं तोडून रिकव्हरी करून परत उभा राहतो. तुमचं रीस्टार्ट 'काम करतं' त्यामागेही हेच, सगळी उघडी ट्रान्झॅक्शनं रोलबॅक होतात, म्हणजे अर्धवट केलेलं मागे घेतलं जातं. त्यात ज्यांचं निम्मं बिल टाइप झालेलं असतं त्यांचंही जातं.

आता मूळ दुखणं. माझा अंदाज असा की बिलाचा स्क्रीन उघडला की तुमचं सॉफ्टवेअर लगेच बिगिन करतं आणि बिल नंबरच्या टेबलातली ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरून ठेवतं, म्हणजे नंबर दुसऱ्याला जाऊ नये. हेतू चांगला आहे. सिक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप पुढचा नंबर देणारा काउंटर) वापरा म्हणून सल्ला देणारे भेटतील, पण सिक्वेन्सचा घेतलेला नंबर रोलबॅक झाला तरी परत येत नाही, मधे खाच पडते, आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे इनव्हॉइस नंबर सलग लागतो, त्यामुळे सीए ओरडणार. म्हणून काउंटरचं टेबल ठेवाच, फक्त नंबर स्क्रीन उघडताना न घेता सेव्ह दाबल्यावर घ्या, आणि त्या ट्रान्झॅक्शनमधेसुद्धा बाकीची सगळी इन्सर्ट आधी, काउंटरची ओळ सगळ्यात शेवटी, की लगेच कमिट. लॉक काही मिलिसेकंदच राहील. साधा नियम असा की बिगिन आणि कमिटच्या मधे माणूस येता कामा नये.

कोड बदलेपर्यंत तात्पुरतं म्हणून आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट हे सेटिंग आहे, मुळात ते शून्य म्हणजे बंद असतं. ॲपच्या रोलला 'ऑल्टर रोल'ने दोन मिनिटं द्या, पूर्ण सर्व्हरला देऊ नका, नाहीतर रात्रीचं एखादं मायग्रेशन त्यात सापडायचं. वेळ संपली की पोस्टग्रेस ते कनेक्शनच तोडतो, तेव्हा ॲपला परत जोडता येतं का हे आधी तपासा. आणि लॉग लॉक वेट्स ऑन करा, मग डेडलॉक टाइमआउटपेक्षा म्हणजे मुळात १ सेकंदापेक्षा जास्त कुणी लॉकसाठी थांबलं की लॉगमधे ओळ पडते. दुपारी तुम्ही जागेवर नसलात तरी संध्याकाळी वाचता येईल.

एका टेबलाला एक कॉलम ॲड करायचा होता. टेस्ट सर्व्हरवर निमिषात झालं. लाइव्हवर दुपारी केलं तर दहा मिनिटं सगळी साइट बंद, साधं लॉगिनसुद्धा होईना. टेबल तर दोन्हीकडे सारखंच आहे. – नाशिक

टेबल सारखं आहे, गर्दी सारखी नाहीये. ऑल्टर टेबलला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतं, ते मिळायला त्या टेबलावर दुसरं कुणीही नको, वाचणारासुद्धा. तुमच्याकडे तेव्हा कुणाचा तरी मोठा रिपोर्ट चालू असणार. ऑल्टर त्याच्यासाठी थांबला, इथपर्यंत ठीक, पण लॉकची रांग असते आणि मागून येणारे ऑल्टरच्या मागे लागतात. कोकणातल्या एकेरी पुलासारखं आहे हे, एक रुंद ट्रेलर पूल पूर्ण रिकामा व्हायची वाट बघत तोंडाशी उभा, आणि ज्या रिक्षा आरामात गेल्या असत्या त्याही त्याच्यामागे अडकलेल्या.

पोस्टग्रेस ११ पासून (२०१८ ला आलं ते) ठरावीक डिफॉल्ट असलेला कॉलमसुद्धा टेबल परत न लिहिता ॲड होतो, त्यामुळे प्रत्यक्ष काम खरंच क्षणाचं आहे, वेळ गेला तो वाट बघण्यात. म्हणून ऑल्टरच्या आधी त्याच सेशनमधे लॉक टाइमआउट दोन सेकंद ठेवा. दोन सेकंदात लॉक नाही मिळालं तर ऑल्टरच माघार घेईल, रांग मोकळी होईल, तुम्ही थोड्या वेळाने परत मारा. तीच गोष्ट इंडेक्सची, लाइव्हवर क्रिएट इंडेक्स कॉन्करन्टली वापरा, नाहीतर इंडेक्स होईपर्यंत त्या टेबलावर लिहिणारे सगळे थांबतात. कॉन्करन्टली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि मधेच फेल झालं तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो, जो क्वेरीला उपयोगाचा नाही पण प्रत्येक इन्सर्टला भार मात्र टाकतो, तो आठवणीने ड्रॉप करा.

आमच्या सर्व्हरला ६४ जीबी रॅम आहे म्हणून वर्क मेम १ जीबी केलं. रोजचं मस्त चालतं, पण महिनाअखेरीला पोस्टग्रेस आपोआप बंद होऊन परत सुरू होतं. लॉगमधे 'सिग्नल ९' असं काहीतरी येतं. व्हायरस आहे का? – पिंपरी

व्हायरस नाही हो, लिनक्सचा ओओएम किलर आहे. मेमरी संपली की कर्नल कुठली तरी प्रोसेस मारतो, आणि वर सांगितलं तसं एक बॅकएंड मेला की सगळा पोस्टग्रेस उठून बसतो.

वर्क मेम या सेटिंगबद्दल गैरसमज इतका पसरलाय की विचारू नका. ते पूर्ण सर्व्हरसाठी नाही, एका कनेक्शनसाठी पण नाही, एका क्वेरीतल्या *प्रत्येक* सॉर्ट आणि हॅशसाठी आहे. महिनाअखेरीच्या रिपोर्टमधे चार सॉर्ट, तीन हॅश जॉइन, त्यात पॅरलल वर्कर आले तर प्रत्येकाचा वाटा वेगळा, शिवाय पोस्टग्रेस १५ पासून हॅशला वर्क मेमच्या दुप्पट घ्यायची मुभा आहे, आणि असे दहा अकाउंटंट एकाच संध्याकाळी बसलेत. करा गुणाकार. मुळात हे ४ एमबी असतं, ते आजच्या मशीनला कमी आहे हे खरं, पण १६ किंवा ३२ एमबीवर ठेवा आणि जो रिपोर्ट खरंच भूक असलेला आहे त्याच्याच ट्रान्झॅक्शनमधे 'सेट लोकल' करून पाव-अर्धा जीबी द्या, कमिट झालं की आपोआप मूळ पदावर येतं. कुठल्या रिपोर्टला कमी पडतंय ते ओळखायला लॉग टेम्प फाइल्स शून्य करा, म्हणजे डिस्कवर सांडणारी प्रत्येक टेम्प फाइल लॉगमधे येईल. किंवा एक्सप्लेन ॲनलाइजमधे सॉर्टखाली 'एक्सटर्नल मर्ज डिस्क' दिसलं की समजा मेमरीत मावलं नाही. (एक्सप्लेन ॲनलाइज क्वेरी *खरोखर चालवतं* बरं का, डिलीटवर मारायचं असेल तर आधी बिगिन आणि नंतर रोलबॅक. हे वाक्य कापून मॉनिटरला चिकटवा.)

बाकीचं थोडक्यात. शेअर्ड बफर्स मुळात १२८ एमबी असतात, डेटाबेसचंच मशीन असेल तर रॅमच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करा. इफेक्टिव्ह कॅश साइज मेमरी घेत नाही, ते फक्त प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) सांगणं आहे की साधारण एवढा डेटा कॅशमधे असेल, तेव्हा ते मोठं ठेवायला घाबरू नका. एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट ४ वरून १.१ च्या आसपास आणा, ४ हा आकडा फिरत्या डिस्कच्या काळातला आहे आणि त्यामुळे प्लॅनर उगीच इंडेक्सला भितो. मॅक्स कनेक्शन्स ५०० करून ठेवलं असेल तर ते खाली आणा आणि मधे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं सगळ्यांना वाटून देणारा प्रोग्राम) बसवा. आणि कुणी एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणं) ऑफ करायला सांगितलं तर त्याच्याशी बोलणं कमी करा. एफसिंक बंद असताना लाइट गेली तर डेटाच बिघडू शकतो. फारच घाई असेल तर सिंक्रोनस कमिट ऑफ हा वेगळा पर्याय आहे, त्यात क्रॅश झालं तर शेवटच्या क्षणांतले काही कमिट जातात पण डेटाबेस शाबूत राहतो. लॉगच्या टेबलाला चालेल, पैशाच्या एंट्रीला नाही.

ऑर्डरच्या टेबलात ओळी तेवढ्याच आहेत पण साइज ६ जीबीवरून ४० जीबी झालाय. ऑटोव्हॅक्यूम ऑन आहे, चालताना पण दिसतं. तरी जागा का सुटत नाही? व्हॅक्यूम फुल मारू का? – न्यू जर्सीहून एक मराठी वाचक

थांबा, मारू नका! व्हॅक्यूम फुल टेबल पूर्ण नव्याने लिहितं, तोवर वाचणाऱ्यालाही आत येऊ देत नाही, आणि नवी प्रत मावेल एवढी मोकळी डिस्क लागते ती वेगळीच.

पोस्टग्रेसमधे अपडेट म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ लिहिणं. जुनी का ठेवायची, तर आधीपासून चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला ती बघायचा हक्क असतो. याच्यामुळेच वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, ही पोस्टग्रेसची खरी श्रीमंती. व्हॅक्यूमचं काम आता कुणालाच नको असलेल्या जुन्या ओळींची जागा मोकळी करायचं. पण *एक* जरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर त्याच्यानंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूमला हलवता येत नाही, भले त्या ट्रान्झॅक्शनने तुमच्या ऑर्डरच्या टेबलाकडे ढुंकूनही बघितलेलं नसो. ऑटोव्हॅक्यूम येतं, बघतं, रिकाम्या हाताने जातं, परत येतं. तुम्हाला ते 'चालताना दिसतं' ते असं.

म्हणून धरून कोण बसलंय ते शोधा. आधी पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधे बॅकएंड एक्समिनचं (त्या कनेक्शनने किती जुन्यापर्यंतचं धरून ठेवलंय त्या नंबरचं) एज काढा, सगळ्यात मोठा आकडा तो आरोपी, बहुतेक वेळा कुणीतरी सोडून दिलेला ॲनॅलिटिक्सचा रिपोर्ट किंवा तासन्‌तास चालणारा पीजी डम्प. तिथे कुणी सापडलं नाही तर पीजी प्रिपेअर्ड एक्सॅक्ट्स बघा, टू फेज कमिटचं अर्धवट सोडलेलं ट्रान्झॅक्शन रीस्टार्टनंतरही जिवंत राहतं. मग पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स, बंद करून टाकलेल्या जुन्या रेप्लिकाचा (दुसऱ्या सर्व्हरवरच्या चालू प्रतीचा) स्लॉट कुणी ड्रॉप करत नाही आणि तो तसाच वॉल (प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद) फाइली साठवत बसतो, कधी कधी डिस्क भरेपर्यंत. रेप्लिकावर हॉट स्टँडबाय फीडबॅक ऑन असेल तर तिथली लांबलचक क्वेरीसुद्धा इथल्या व्हॅक्यूमला रोखते. हे सगळं स्वच्छ असेल तर मग सेटिंगकडे या. ऑटोव्हॅक्यूम मुळात २० टक्के ओळी मेल्यावर जागं होतं. १० कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे २ कोटी मेलेल्या ओळी साठेपर्यंत झोप. मोठ्या टेबलांसाठी ऑल्टर टेबलने ऑटोव्हॅक्यूम व्हॅक्यूम स्केल फॅक्टर ०.०१ किंवा ०.०२ ठेवा. आणि झालेला फुगवटा काढायला पीजी रीपॅक नावाचं एक्स्टेंशन आहे, ते जड लॉक अगदी थोडा वेळ घेतं.

हे अंगावर काढू नका असं का म्हणतो, तर ट्रान्झॅक्शनचा नंबर ३२ बिटचा आहे. साधारण दोन अब्ज मागचंच 'जुनं' म्हणून ओळखता येतं, त्याच्या आत व्हॅक्यूमने जुन्या ओळी फ्रीझ केल्या (कायमच्या जुन्या म्हणून शिक्का मारला) नाहीत तर पोस्टग्रेस डेटा वाचवण्यासाठी स्वतःच नवीन लिहिणं बंद करतो. २०१५ ला सेंट्री आणि २०१९ ला मेलचिंपची मँड्रिल सर्व्हिस यातच आडव्या झाल्या, आणि दोघांनीही ते लपवून न ठेवता नंतर उघडपणे लिहिलं हे कौतुकाचं. पीजी डेटाबेसमधून एज ऑफ डॅटफ्रोझनएक्सआयडी काढा आणि त्यावर अलार्म लावा. मुळात २० कोटीला सक्तीचं ऑटोव्हॅक्यूम सुरू होतं, आकडा त्याच्या कितीतरी पुढे जाऊन खाली यायचं नाव घेत नसेल तर ते काम शनिवार-रविवारवर ढकलू नका.

आमची पतसंस्था आहे, मायएसक्यूएल वापरतो. संध्याकाळी पिग्मी एजंटांचं कलेक्शन अपलोड होताना 'लॉक वेट टाइमआउट एक्सीडेड' येतं, कधी 'डेडलॉक फाउंड'. ते एक वेळ ठीक, पण कधी कधी एजंटच्या खात्याला एंट्री पडते आणि खातेदाराला पडत नाही. असं होऊच कसं शकतं, ट्रान्झॅक्शन वापरतो ना आम्ही? – संगमनेर

हा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे लोकांचे रोजचे वीस-पन्नास रुपये आहेत.

तुम्हाला येणाऱ्या दोन एररमधे जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेडलॉक म्हणजे १२१३, त्यात इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) एकाचं *पूर्ण* ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतं. लॉक वेट टाइमआउट म्हणजे १२०५, मुळात ५० सेकंद वाट बघून येतो, आणि त्यात फक्त ते *एक स्टेटमेंट* रद्द होतं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, आधीच्या एंट्र्या तशाच. आता तुमच्या कोडमधे एरर पकडून लॉगमधे लिहून पुढे जायचं असं केलेलं असेल, आणि शेवटी कमिट आहेच, तर एजंटची एंट्री कमिट होणार आणि खातेदाराची टाइमआउटमधे गेलेली. डेटाबेसने आपलं काम बरोबर केलंय. कुठलीही एरर आली की आधी रोलबॅक आणि मग सगळं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून, हे आजच करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. इनोडीबी रोलबॅक ऑन टाइमआउट असं सेटिंगही आहे, त्याला रीस्टार्ट लागतो, पण भरवसा कोडवरच ठेवा.

मग एवढा वेळ लॉक का राहतं ते. आधी बघा की अपडेटच्या वेअरमधला कॉलम इंडेक्स केलेला आहे का. इनोडीबी मुळात रिपीटेबल रीडवर चालतं आणि त्यात इंडेक्स नसेल तर बदलायची ओळ शोधताना ज्या ज्या ओळी चाळल्या त्या सगळ्याच लॉक करून ठेवतं. एका खात्याची एंट्री टाकायला अख्खं खात्यांचं टेबल धरलं जातं, आणि मग दुसरा एजंट, तिसरा एजंट, सगळे रांगेत. डेडलॉकचं कारण बहुधा क्रम. एकाच्या फाइलमधे खातं ११५ आधी आणि ४०२ नंतर, दुसऱ्याच्या उलटं, दोघांनी एकेक धरलं आणि दुसऱ्यासाठी थांबले. अपलोड करायच्या आधी खाते नंबरने सॉर्ट करा, बरेचसे डेडलॉक तिथेच मिटतील. आणि एजंटची पूर्ण फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमधे ठेवायचा अट्टहास नको, एक पावती एक ट्रान्झॅक्शन ठेवा आणि पावती नंबर युनिक करा, मग अर्ध्यात तुटलं तरी फाइल परत पाठवता येते, डबल एंट्री पडत नाही.

कोण अडवतंय ते थेट बघायला सिस स्कीमामधला इनोडीबी लॉक वेट्स व्ह्यू, आणि झालेला डेडलॉक बघायला शो इंजिन इनोडीबी स्टेटस, पण त्यात फक्त शेवटचा एकच दिसतो म्हणून इनोडीबी प्रिंट ऑल डेडलॉक्स ऑन करा. बफर पूल (इनोडीबीची मेमरीतली कॅश) अजून मुळातल्या १२८ एमबीवर असेल तर तो वाढवा, त्यात वाद नाही. एक मात्र करू नका, 'स्पीड वाढतो' म्हणून इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट १ चं २ किंवा ० करणं. स्पीड खरंच वाढतो. पण लाइट गेली की शेवटच्या सेकंदाभराच्या पावत्या गेल्या, आणि एजंटने तोवर खातेदाराच्या हातात कागद दिलेला असतो.

एसक्यूएल सर्व्हरवर रिपोर्ट अडकतात म्हणून सगळ्या क्वेरींना नोलॉक लावलं. आता अडकत नाहीत पण एकाच दिवसाची टोटल दोनदा काढली तर कधी वेगळी येते. – म्हापसा

येणारच. नोलॉक म्हणजे अजून कमिट न झालेलंही वाचणं, आणि तेवढंच असतं तरी चाललं असतं, पण वाचताना मधेच पेज हलली तर कमिट झालेली ओळसुद्धा दोनदा येऊ शकते किंवा सुटू शकते. बिलाच्या टोटलला हे विषच. सगळीकडचं नोलॉक काढा आणि डेटाबेसला रीड कमिटेड स्नॅपशॉट ऑन करा, मग वाचणाऱ्याला स्टेटमेंट सुरू झालं त्या क्षणापर्यंत कमिट झालेलं चित्र दिसतं आणि तो लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही. हे ऑन करताना त्या डेटाबेसवर दुसरं कनेक्शन नको, रात्री करा, आणि जुन्या आवृत्त्या टेम्पडीबीमधे साठतात तिथे जागा ठेवा. ट्रान्झॅक्शन लॉगची फाइल फुगलीय असंही लिहिलंय तुम्ही, तर सिस डेटाबेसेसमधे लॉग रीयूज वेट डेस्क हा कॉलम बघा, 'लॉग बॅकअप' दिसलं तर फुल रिकव्हरीवर ठेवून लॉगचा बॅकअपच घेत नाही आहात, 'ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं तर डीबीसीसी ओपनट्रान मारा आणि वरचं इचलकरंजीचं उत्तर परत वाचा.

कुठली क्वेरी ट्यून करायची ते कसं ठरवायचं? – सोलापूर

पोस्टग्रेस असेल तर पीजी स्टॅट स्टेटमेंट्स. शेअर्ड प्रीलोड लायब्ररीजमधे टाकून एकदा रीस्टार्ट करावं लागतं, ते करा. मग मीन (सरासरी वेळ) न बघता टोटल एक्झेक टाइमने सॉर्ट करा. आठवड्यातून एकदा चालणारा ४० सेकंदांचा रिपोर्ट सगळ्यांना दिसतो, पण दिवसात लाखो वेळा चालणारी ५ मिलिसेकंदांची क्वेरी कुणाला दिसत नाही आणि खरा सर्व्हर तीच खाते. ओआरएम (कोडमधून आपोआप क्वेरी बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर अशी क्वेरी पहिल्या पाचात सापडेलच, लूपमधे एकेक ओळ मागणारी.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी 'ट्रान्झॅक्शन पर सेकंद' मोजायचंय. लॅपटॉपवर कधी २०० येतं कधी ३०००, गाइड सर म्हणतात एक आकडा लिही. – लातूर

सरांना सांग, आकडा एकच लिहीन पण कशाचा ते बाजूला लिहीन. पीजी स्टॅट डेटाबेसमधे एक्सॅक्ट कमिट आणि एक्सॅक्ट रोलबॅक असे कॉलम आहेत, ते साठत जाणारे काउंटर आहेत, म्हणून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा वाच, वजा कर, ६० ने भाग. त्यात नुसते सिलेक्टसुद्धा ट्रान्झॅक्शन म्हणून मोजले जातात, तुझा ३००० बहुतेक तिथून आला. इन्सर्ट करताना प्रत्येक ओळीला वेगळा कमिट असेल तर दर कमिटला वॉल डिस्कवर पोचायची वाट बघावी लागते, तो तुझा २००. तेच हजार इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमधे टाकले तर ओळी कितीतरी पट वेगाने जातील आणि 'ट्रान्झॅक्शन पर सेकंद' मात्र पडलेलं दिसेल, म्हणजे काम सुधारलं आणि आकडा बिघडला. हे दोन्ही प्रोजेक्टमधे लिही, परीक्षकाला आवडेल.

मोजायला पीजीबेंच वापर, पोस्टग्रेसबरोबरच मिळतं. फक्त इनिशियलाइज करताना स्केल फॅक्टर निदान क्लायंटच्या संख्येएवढा ठेव. ब्रँचेसच्या टेबलात स्केल फॅक्टर एवढ्याच ओळी असतात आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शन त्यातली एक अपडेट करतं, तेव्हा स्केल १ ठेवून २० क्लायंट सोडलेस तर वीसही जण एकाच ओळीसाठी उभे राहणार, आणि तू सर्व्हरचा वेग म्हणून त्यांची रांग मोजून आणशील.